फुलराणीची यंत्रातली बहीण

पु. ल. देशपांडे यांची 'ती फुलराणी' १९७५ साली रंगभूमीवर आली आणि फुले विकणारी मंजुळा मराठी माणसाच्या घरचीच झाली. तिची थोरली बहीण म्हणजे बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'मधली एलायझा. पण या दोघींची आणखी एक बहीण आहे आणि तिचा जन्म यंत्रात झाला, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेतले प्राध्यापक जोसेफ वायझेनबॉम यांनी १९६६ साली टंकयंत्रावरून गप्पा मारणारा एक संगणक-प्रोग्रॅम प्रसिद्ध केला आणि त्याला 'एलायझा' असे नाव दिले. बाईंची विद्या तशी तोकडीच! कोणी आईचा विषय काढला की 'आई' हा शब्द पकडून त्या घरच्या माणसांविषयी आणखी विचारीत. अर्थाचा पत्ता नसे. वायझेनबॉम यांच्या सेक्रेटरीने तर हे सारे कित्येक महिने घडताना पाहिले होते. तरीही चार वाक्ये होतात न होतात तोच तिने साहेबांना खोलीबाहेर जायला सांगितले! मनातले बोलताना तिला तिसरे कोणी नको होते. वायझेनबॉम चपापले, या मोहाविरुद्ध त्यांनी १९७६ साली एक ग्रंथच लिहिला.

त्याच सुमारास साहसखेळ जन्माला आले. विल क्राउदर या प्रोग्रॅमरला गुहा धुंडाळण्याचा नाद. केंटकीतल्या मॅमथ गुहेवरून त्याने आपल्या मुलींसाठी एक खेळ रचला आणि १९७७ साली डॉन वुड्सने तो वाढवला. सारा मामला शब्दांचा. 'दिवा घे', 'उत्तरेला जा' असे दोन शब्दांचे हुकूम सोडायचे. वाटेत बुटके सुऱ्या फेकीत, चाचा खजिना लुटून नेई. पण त्यांच्याशी गप्पा मारायची सोय नव्हती.

ती उणीव अनेकांना सलली. १९८२ च्या 'डेडलाइन'मध्ये खुनाच्या संशयितांना प्रश्न विचारता येऊ लागले. १९९० च्या 'मंकी आयलंड'ने तयार वाक्यांतून एक निवडण्याची युक्ती रंगवली. तिथे तलवारीचे द्वंद्वसुद्धा टोमण्यांनी जिंकायचे! रहस्य सुरक्षित राही, पण खेळणाऱ्याचे ओठ शिवलेले. म्हणून १९९८ साली डग्लस अ‍ॅडम्सच्या 'स्टारशिप टायटॅनिक'मध्ये यंत्रमानवांशी मनाला येईल ते टंकून बोलण्याची मुभा मिळाली. २००५ च्या 'फसाड'मध्ये आपण ग्रेस आणि ट्रिप या भांडकुदळ जोडप्याचे पाहुणे. तिथे 'मेलन' एवढे फळाचे नाव काढले तरी यजमान आपल्याला घराबाहेर काढी! यंत्राने शब्द ऐकला, म्हणणे ऐकले नाही.

२०१९ साली 'एआय डन्जन' आला आणि पात्रे कशालाही उत्तर देऊ लागली. पण नवे दुखणे उद्भवले. अशा यंत्राला शोभेलसे पुढचे वाक्य रचता येते. कथेतले मागचे सारे त्याच्यासमोर राहतेच असे नाही. मग मेलेला राजा पुन्हा दरबार भरवतो आणि नसलेल्या किल्लीचा पत्ता पहारेकरी खुशाल सांगतो. यावर उपाय एकच दिसतो : कोण जिवंत, कोणाला काय ठाऊक, हा हिशेब साध्या प्रोग्रॅमने सांभाळावा आणि यंत्राकडे केवळ वाणी सोपवावी.

मंजुळेला शुद्ध भाषा मास्तरांनी शिकवली, पण तिचे म्हणणे तिच्यापाशी आधीपासून होते. यंत्रातल्या बहिणीला आता भाषा छान आली आहे. म्हणणे मात्र अजून कथाकारालाच पुरवावे लागते. आणि तिच्यापाशी मन मोकळे करणाऱ्यानेही एवढे ध्यानात ठेवलेले बरे.