टाळ्या आणि गोळ्या : ज्यूडी गारलँडच्या बालपणाचा वैद्यकीय इतिहास

'द विझर्ड ऑफ ऑझ' हा १९३९ सालचा इंग्रजी सिनेमा तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. दोन वेण्या, निळ्या चौकडीचा फ्रॉक आणि सोबत एक छोटा कुत्रा. त्यातली ती डोरोथी म्हणजे ज्यूडी गारलँड. तेव्हा ती सोळा वर्षांची होती, पण डोरोथी वयाने लहान दिसायला हवी म्हणून तिची छाती घट्ट बांधून ठेवली जायची. त्यानंतर तीस वर्षांनी, २२ जून १९६९ रोजी, लंडनमधल्या घरात ती न्हाणीघरात मृतावस्थेत सापडली. वय ४७. कारण, झोपेच्या गोळ्या.

"व्यसन लागलं, वाया गेली" असं म्हणून अशी प्रकरणं आपण मिटवून टाकतो. पण डॉक्टरला कुठल्याही रुग्णाची केस समजून घ्यायची असेल तर तो मागे जातो. 'हे कधीपासून?' हा आमचा पहिला प्रश्न असतो. ज्यूडीच्या बाबतीत त्याचं उत्तर अडीच वर्षांच्या वयापर्यंत जातं.

तिचं खरं नाव फ्रान्सिस एथेल गम. जन्म १० जून १९२२, अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या ग्रँड रॅपिड्स या लहानशा गावात. वडील फ्रँक गावातलं थिएटर चालवायचे आणि स्वतः गायचे, आई एथेल पियानो वाजवायची. १९२४ च्या नाताळात ही धाकटी मुलगी त्या थिएटरच्या रंगमंचावर पहिल्यांदा गायली. गाणं संपलं तरी ती थांबेना, तेच गाणं पुन्हा पुन्हा म्हणत राहिली आणि शेवटी तिला उचलून आत न्यावं लागलं. प्रेक्षक खूश झाले. हा प्रसंग तिच्या चरित्रांमध्ये कौतुकाने सांगितला जातो आणि तो गोडच आहे. अडीच वर्षांच्या मुलाला टाळ्या आवडणं अगदी नैसर्गिक आहे. अडचण पुढे झाली. टाळ्या आणि माया या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्या मुलीला कोणी कळूच दिलं नाही.

१९२६ साली कुटुंब कॅलिफोर्नियात आलं. आईने तिन्ही मुलींना घेऊन 'गम सिस्टर्स' म्हणून कार्यक्रमांचा सपाटा लावला. गाडीतून गावोगाव फिरणं, रात्रीचे खेळ, हॉटेलांत मुक्काम. पोट दुखत असलं, ताप असला तरी रंगमंचावर जायचंच. नाही म्हटलं तर आई धमकी द्यायची, असं ज्यूडीने मोठेपणी सांगितलं. एका दूरदर्शन मुलाखतीत तर तिने आईला सिनेमातल्या दुष्ट चेटकिणीची उपमा दिली. चरित्रकार जेराल्ड क्लार्क यांनी लिहिलं आहे की ज्यूडी दहा वर्षांचीही नव्हती तेव्हापासून आई तिला जागं राहण्यासाठी आणि मग झोपण्यासाठी गोळ्या द्यायची.

इथे एक सावधगिरी हवी. ज्यूडी गोष्टी रंगवून सांगण्यात पटाईत होती. स्वतःची दुःखं विनोदी करून सांगायची आणि ऐकणारे पोट धरून हसायचे. त्यामुळे तिचा प्रत्येक शब्द पुरावा म्हणून घेता येत नाही. पण ती सवयसुद्धा डॉक्टरच्या दृष्टीने बोलकी आहे. ज्या मुलाचं रडणं कोणी ऐकत नाही, ते मूल कधीकधी रडण्याचाच कार्यक्रम करायला शिकतं. म्हणजे मग निदान कोणी बघतं तरी!

सप्टेंबर १९३५ मध्ये, तेराव्या वर्षी, तिचा एमजीएम या बड्या स्टुडिओशी करार झाला. त्याच नोव्हेंबरात तिचे लाडके वडील मेंदूच्या आवरणाला सूज येऊन, म्हणजे मेनिंजायटिसने, रुग्णालयात दाखल झाले. पेनिसिलिन वापरात यायला अजून काही वर्षं होती. १६ तारखेला ज्यूडीचा रेडिओवर कार्यक्रम होता. तिला सांगण्यात आलं की बाबांच्या खाटेजवळ रेडिओ ठेवला आहे, ते ऐकणार आहेत. ती जीव ओतून गायली. दुसऱ्या दिवशी ते गेले. तेरा वर्षांच्या मुलीने निरोप घेतला तोही मायक्रोफोनसमोर उभं राहून. वडील गेल्यावर आई आणि स्टुडिओ यांच्यामध्ये उभं राहणारं कोणी उरलं नाही.

स्टुडिओची तक्रार तिच्या शरीराबद्दल होती. उंची जेमतेम चार फूट अकरा इंच, बांधा थोडा भरलेला, आणि त्याच स्टुडिओत लाना टर्नरसारख्या सुंदर मुली. नाकाचा आकार बदलायला रबरी चकत्या, दातांवर टोप्या. स्टुडिओचा प्रमुख लुई मेयर तिला 'माझी छोटी कुबडी' म्हणायचा. कँटीनमध्ये तिने काहीही मागितलं तरी समोर सूप यायचं. वाढीच्या वयातल्या मुलीला सूप, काळी कॉफी आणि भूक मारायला सिगारेट. आणि गोळ्या.

या गोळ्या समजून घेतल्या तर पुढचं सगळं समजतं. पहिली होती अँफेटामिन. १९३० च्या दशकात ती बाजारात आली आणि त्या काळी ती आजच्यासारखी धोकादायक मानली जात नव्हती. भूक मरते, झोप उडते, उत्साह वाटतो. वजन कमी करायला डॉक्टर ती सर्रास लिहून द्यायचे. (आमच्या व्यवसायाची ही बाजूही सांगायला हवी. त्या गोळ्या कुणी चोरून आणत नव्हतं, त्या चिठ्ठीवर मिळत होत्या.) दिवसभर अँफेटामिन घेतलं की रात्री झोप येत नाही. मग दुसरी गोळी, बार्बिच्युरेट. या गटातलं पहिलं औषध १९०३ सालचं. याच गटातलं फिनोबार्बिटोन म्हणजे तुमच्या ओळखीची 'गार्डिनाल', फिट्सच्या रुग्णांना आजही दिली जाते. झोपेसाठी मात्र हा गट आता जवळपास हद्दपार झाला आहे, आणि त्याला सबळ कारण आहे.

बार्बिच्युरेट मेंदूचा वेग कमी करतं. रोज घेतलं की मेंदूला त्याची सवय होते आणि तेवढीच झोप यायला जास्त गोळ्या लागतात. पण श्वास बंद पाडणारी मात्रा त्या प्रमाणात वाढत नाही. म्हणजे झोपेची मात्रा वर सरकत जाते, मरणाची मात्रा जवळपास तिथेच राहते आणि दोन्हींमधलं अंतर दर वर्षी आकसत जातं. त्यात दारू असेल तर ते आणखी आकसतं. बरं, अचानक बंद केलं तर फिट येऊ शकते. अशा सापळ्यातून माणूस निव्वळ मनाच्या बळावर बाहेर येत नाही.

ज्यूडीने पुढे सांगितलं की स्टुडिओ तिला आणि मिकी रूनीला गोळ्या देऊन दिवसरात्र काम करायला लावायचा, मग झोपेच्या गोळ्या देऊन काही तास झोपवायचा आणि पुन्हा उठवायचा. रूनीने मात्र स्टुडिओने गोळ्या दिल्याचं नाकारलं. खरं कोणाचं याचा निवाडा आपण करायला नको. गोळ्या तिच्या आयुष्यात सज्ञान होण्याआधीच आल्या होत्या याबद्दल दुमत नाही.

आता स्वभावाकडे येऊ. लहान मूल स्वतःची किंमत आरशात पाहून ठरवत नाही, ते आईबापांच्या चेहऱ्यावर वाचतं. 'तू आहेस म्हणून हवीस' असं तिथे दिसलं तर पाया भक्कम होतो. 'तू गातेस म्हणून हवीस' असं दिसलं की गाणं थांबलं त्या क्षणी आपण नकोसे झालो असं वाटू लागतं. ज्यूडीच्या मोठेपणातलं बरंच काही या एका भीतीतून उलगडतं. रात्री एकटं राहायची भीती, अवेळी मित्रमैत्रिणींना फोन, पाच लग्नं. सेटवर उशिरा येणं किंवा येणंच नाही. लोकांना तो माज वाटायचा. मला त्यात ते पोटदुखीचं लहान मूल दिसतं, ज्याला 'आज नको' म्हणायची परवानगी कधी मिळालीच नव्हती. अर्थात गेलेल्या माणसाला दुरून आजाराचं नाव चिकटवणं योग्य नाही आणि मी ते करत नाही.

१९४७ साली तिचं मानसिक आरोग्य कोलमडलं. १९४९ मध्ये गोळ्या सोडवण्यासाठी ती बोस्टनच्या रुग्णालयात काही आठवडे राहिली. तिथे ती नियमित जेवली, झोपली, वजन वाढलं. बाजूच्या लहान मुलांच्या रुग्णालयात जाऊन मुलांशी गप्पा मारू लागली. माझ्या मते तिच्या केसपेपरमधलं हे सर्वांत आशादायक पान आहे. तब्येत सुधारत होती! पण पुढचा सिनेमा वाट पाहत होता, वाढलेलं वजन पुन्हा खुपू लागलं आणि जुनं चक्र सुरू झालं. १९५० साली आत्महत्येचा प्रयत्न झाला आणि त्याच वर्षी पंधरा वर्षांचा करार संपवून स्टुडिओने तिला मोकळं केलं. आईशी तर संबंध तुटलेलेच होते. ती आई १९५३ मध्ये एका विमान कारखान्याच्या वाहनतळावर हृदयविकाराने गेली. तिथे ती साधी नोकरी करत होती. मुलीच्या जिवावर मोठी झालेली बाई म्हणून तिला झोडपणं सोपं आहे, पण ती सुखात गेली नाही हेही खरं.

ज्यूडी पुन्हा उभी राहिली, अनेकदा. १९६१ चा न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधला तिचा कार्यक्रम अजूनही आठवला जातो. त्याच्या ध्वनिमुद्रिकेला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. हा मान मिळवणारी ती पहिली स्त्री. आठ वर्षांनी लंडनच्या मृत्युचौकशी अधिकाऱ्याने निष्कर्ष काढला की हा आत्महत्येचा पुरावा नाही, बेसावधपणे जास्त झालेली मात्रा आहे. ते आकसत गेलेलं अंतर त्या रात्री संपलं होतं.

ही एकटीची गोष्ट म्हणावी तर मायकल जॅक्सन आठवतो. १९९६ साली मुंबईत अंधेरीला त्याचा कार्यक्रम झाला, तेव्हाची गर्दी काहींना आठवत असेल. १९९३ च्या मुलाखतीत त्याने सांगितलं होतं की वडिलांच्या माराची इतकी धास्ती असायची की त्यांना नुसतं पाहून कधीकधी उलटी व्हायची. त्यालाही झोप येत नसे. २००९ साली तो गेला तो प्रोपोफोलमुळे. हे शस्त्रक्रियेत भूल द्यायचं औषध आहे, झोपेचं नाही. आपल्याकडे मीनाकुमारी लहानपणीच 'बेबी महजबीं' म्हणून घरासाठी कमवू लागली आणि १९७२ साली, चाळिशीच्या आत, यकृताच्या सिरोसिसने गेली.

'पण मार खाऊन कित्येक जण नीट वाढले की!' हे वाक्य मी दवाखान्यात नेहमी ऐकतो. वाढले, हे खरंच. अशा बालपणाने माणूस बिघडतोच असं नाही, धोका वाढतो. १९९८ साली फेलिट्टी आणि अँडा या अमेरिकन डॉक्टरांनी नऊ हजारांहून जास्त प्रौढांची माहिती तपासली. लहानपणी मारहाण, मानसिक किंवा लैंगिक छळ, आईला होणारी मारहाण, घरात व्यसन, मनोरुग्ण किंवा तुरुंगात गेलेली व्यक्ती, असे सात प्रकार त्यांनी धरले. ज्यांच्या वाट्याला यातले चार किंवा जास्त आले होते, त्यांच्यात दारू, ड्रग्ज, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका काहीही न सोसलेल्यांच्या तुलनेत चार ते बारा पट आढळला. सतत धास्तीत वाढणाऱ्या मुलाची ताणाची यंत्रणा 'चालू'च राहते. नाडी जलद, झोप उथळ, पोट बिघडलेलं. अशा शरीराला पहिल्यांदा शांत करणारी वस्तू, मग ती गोळी असो वा ग्लास, फार जवळची वाटते.

कायदा या बाबतीत पैशांच्या वाटेने आला. चॅप्लिनच्या 'द किड'मधला गोड मुलगा जॅकी कूगन मोठा झाला तेव्हा त्याची लाखो डॉलर्सची कमाई आई आणि सावत्र वडिलांनी उडवली होती. त्याने १९३८ मध्ये दावा लावला आणि १९३९ मध्ये कॅलिफोर्नियाने बालकलाकारांच्या कमाईचा हिस्सा राखून ठेवणारा कायदा केला, 'विझर्ड ऑफ ऑझ' आला त्याच वर्षी! आपल्याकडे २०१७ च्या नियमांनुसार बालकलाकाराला दिवसात पाच तासांहून जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त काम देता येत नाही, आणि कमाईचा किमान वीस टक्के भाग मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकावा लागतो. तुमचं मूल मालिकेत किंवा रिअ‍ॅलिटी शोमध्ये असेल तर हे कागद मागायचा तुम्हाला हक्क आहे.

तुमचं मूल गात, नाचत किंवा अभिनय करत असेल तर मला या गोष्टी कळवा: फक्त कार्यक्रमाच्या दिवशीच होणारी पोटदुखी किंवा उलटी, हरल्यावर जेवण सोडणं, रात्री दचकून उठणं, स्वतःच्या वजनाबद्दल सारखं बोलणं. तपासण्या नॉर्मल आल्या म्हणजे मूल नाटक करतंय असा अर्थ काढू नका. आणि 'उद्या फायनल आहे, रात्री शांत झोप लागेल असं काहीतरी द्या' अशी मागणी घेऊन दर हंगामात दोन-तीन पालक येतात. ते मी देत नाही. सर्दीचं झोप आणणारं सिरपसुद्धा त्यासाठी वापरू नका. एक रात्र झोप कमी झाली तर मूल दुसऱ्या दिवशी थोडं चिडचिडं होईल, एखादा सूर चुकेल, आणि संध्याकाळी लवकर झोपून जाईल.