कोल्हापुरीला जीआय टॅग आहे, मग प्राडाला तशीच चप्पल दाखवता कशी आली?

ट्रॅडिशनल डे जवळ आला की कर्वेनगरच्या कॉलेजांपासून एफसी रोडच्या स्टॉलपर्यंत एकच शोध सुरू होतो, कोल्हापुरी चप्पल. एका ठिकाणी ती काहीशे रुपयांत मिळते, दुसऱ्या ठिकाणी तिची किंमत कितीतरी पट जास्त सांगतात. दोन्हीकडे वाक्य मात्र तेच असतं, "ओरिजिनल कोल्हापुरी आहे, घेऊन टाका."

हाच 'ओरिजिनल'चा प्रश्न जून 2025 मध्ये थेट मिलानला पोचला. प्राडा या इटालियन ब्रँडने पुरुषांच्या फॅशन शोमध्ये अंगठ्याची, सपाट तळव्याची चामडी चप्पल दाखवली. प्राडाने तिला नुसतं 'लेदर सँडल' म्हटलं. आपल्याकडे फोटो व्हायरल झाले आणि सगळ्यांनी एकच विचारलं, "अरे, ही तर आपली कोल्हापुरी! हिला जीआय टॅग आहे ना?"

टॅग आहे. तरीही हे घडलं. कसं, ते समजून घेऊ.

आधी चप्पल समजून घ्या

अस्सल कोल्हापुरीचं चामडं बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतींच्या अर्कात कमावतात. या कामाला काही आठवडे लागतात. मग तळवा कापायचा, थर जोडायचे, बाजूचे 'कान' लावायचे, अंगठा आणि पट्टा बसवायचा. शिलाईसुद्धा चामड्याच्या वादीने, खिळा मारायचा नाही. वरची बारीक वेणी विणण्याचं काम अनेक घरांत बायका करतात.

कापशी, पुकरी, बक्कलनाळी, कुरुंदवाडी हे तिचे काही प्रकार. यातली कापशी आणि कुरुंदवाडी ही नावं गावांवरून आली आहेत. म्हणजे ही चप्पल नुसत्या कोल्हापूर शहराची नाही, आसपासच्या खेड्यांतल्या चर्मकार कुटुंबांची आहे.

जीआय नक्की कशाचं रक्षण करतो?

खरी गोम इथेच आहे.

जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन. 1999 चा कायदा 2003 पासून लागू झाला आणि पहिलं मानांकन दार्जिलिंग चहाला मिळालं. कोल्हापुरी चपलेला ते 2019 मध्ये मिळालं. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांसाठी ते आहे. मालकी दोन सरकारी महामंडळांकडे आहे, महाराष्ट्राचं लिडकॉम आणि कर्नाटकचं लिडकर.

हे मानांकन नावाचं रक्षण करतं. या आठ जिल्ह्यांबाहेर बनवलेली चप्पल 'कोल्हापुरी' म्हणून विकता येत नाही. पण त्या आकाराची चप्पल बनवून तिला दुसरं काही नाव दिलं, तर निव्वळ आकारावर जीआयचा हक्क चालत नाही. शिवाय हा कायदा भारतापुरता आहे. युरोपात हस्तकलांसाठी असा समाईक नियम 2023 मध्ये आला आणि डिसेंबर 2025 पासून लागू झाला.

मग डिझाइनचा कायदा? आपला 2000 चा डिझाइन कायदा नव्या डिझाइनला जास्तीत जास्त 15 वर्षं संरक्षण देतो. कोल्हापुरीचा घाट पिढ्यानपिढ्या वापरात आहे, तो 'नवा' नाही. त्यामुळे ती नोंदणी करता येत नाही. जी गोष्ट सगळ्यांची, तिचा कायद्याने कुणीच मालक नाही, अशी ही कोंडी आहे.

मग पुढे काय झालं?

महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने प्राडाला पत्र लिहिलं. ही चप्पल भारतीय हस्तकलेवरून प्रेरित असल्याचं प्राडाने उत्तरात मान्य केलं. काही वकिलांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, ती जुलै 2025 मध्ये फेटाळली गेली. कारण तांत्रिक होतं. मानांकनाची नोंदणी ज्यांच्या नावावर आहे त्यांनी दाद मागावी, इतरांनी नाही, असं कोर्टाचं म्हणणं.

त्याच महिन्यात प्राडाची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटली. डिसेंबर 2025 मध्ये प्राडा, लिडकॉम आणि लिडकर यांच्यात करार झाला. महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारागिरांकडून सुमारे 2,000 जोड बनवून घ्यायचे, किंमत अंदाजे 800 युरो, सोबत कारागिरांना प्रशिक्षण, अशी योजना जाहीर झाली.

आनंदाची गोष्ट आहेच. पण 2,000 जोडांवर हजारो घरांच्या चुली पेटत नाहीत. त्या पेटतात तुमच्या-आमच्या रोजच्या खरेदीवर.

कारागिराची खरी अडचण

गावातल्या कारागिराची रोजची स्पर्धा प्राडाशी नाही. ती आहे रेक्झिन आणि मशिनवर बनलेल्या, 'कोल्हापुरी' नावानेच विकल्या जाणाऱ्या स्वस्त जोडांशी. इथे नावच वापरलं जातं, म्हणजे जीआयचा भंग उघड आहे. पण गल्लोगल्ली तपासणार कोण? त्यात 2015 मध्ये राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली आणि चामडं मिळणं अवघड झालं. मजुरी जोडामागे ठरते. पोराने हे काम पुढे न्यावं असं बापालाही वाटेनासं होतं.

डिझाइन कुठे उपयोगी पडतं?

जुन्या घाटाची नोंदणी होत नाही, पण त्यावर आधारलेल्या खरोखर नव्या डिझाइनची होऊ शकते. बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीत 'टो होल्ड' या कारागिरांच्या उपक्रमाने वेगळी वाट दाखवली. महिलांचे बचत गट, नव्या डिझाइनचं प्रशिक्षण आणि थेट परदेशी बाजार. मधला दलाल कमी झाला की पैसा घरात राहतो.

महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेचं फॅशन टेक्नॉलॉजीचं कॉलेज आहे, शहरात इतरही डिझाइन कॉलेजं आहेत. इथल्या विद्यार्थ्यांनी कारागिराबरोबर बसून नवा जोड घडवला, तर नोंदणीच्या कागदावर कारागिराचंही नाव हवं. नाहीतर तीच प्राडाची गोष्ट, फक्त छोट्या प्रमाणात.

आणि आपण?

पुढची कोल्हापुरी घेताना चारच गोष्टी बघा.

- शिलाई वादीची आहे का, की खिळे आणि नुसता गोंद?
- वास चामड्याचा येतोय की प्लास्टिकचा?
- लिडकॉमने 2025 मध्ये आणलेला क्यूआर कोड आहे का? तो स्कॅन केला की कारागिराची आणि ती कुठे बनली याची माहिती मिळते.
- कोड नसेल तर सरळ विचारा, "कुठल्या गावात बनलीय?"

हा शेवटचा प्रश्न फुकट आहे. पण दिवसातून दहा गिऱ्हाइकांनी तो विचारला, तर दुकानदाराला उत्तर शोधत गावापर्यंत जावंच लागेल. कायद्याने नाव राखून ठेवलंय, त्या नावाची किंमत ठरवणं आपल्या हातात आहे.