क्षारपड जमीन आणि कालव्याचे सिंचन

क्षारपड जमीन : विरघळणारे क्षार किंवा सोडियम प्रमाणाबाहेर साचल्याने पिकाला निकामी झालेली जमीन. मातीच्या अर्काची विद्युतवाहकता मीटरला ४ डेसिसायमनपेक्षा जास्त असेल, तर जमीन क्षारयुक्त मानतात. मातीच्या कणांना चिकटलेल्या विनिमयक्षम मूलद्रव्यांत सोडियमचा वाटा १५ टक्क्यांच्या वर आणि सामू साडेआठच्या पुढे गेला, तर ती चोपण होते. पाणी कायम तुंबून राहणाऱ्या जमिनीला शेतकरी चिबड म्हणतात आणि बहुतेक ठिकाणी क्षारपडीची सुरुवात चिबडीपासूनच होते. महाराष्ट्रात नीरा, प्रवरा, कृष्णा, वारणा आणि पंचगंगा या नद्यांच्या काठच्या भारी काळ्या जमिनींना हा रोग मोठ्या प्रमाणावर जडला आहे. सिंचनाचे पाणी आल्यानंतर जमीन बिघडली, म्हणून दोष पाण्याला दिला जातो. पण शेतात पाणी आणणे आणि जादा पाणी शेताबाहेर काढणे ही सिंचनाची दोन अंगे आहेत. पहिले बांधून दुसरे सोडून दिले, तर योजना अर्धीच राहते आणि उरलेल्या अर्ध्याची किंमत जमीन मोजते.

हे कसे घडते, ते साध्या हिशेबाने कळते. उसाच्या एका हेक्टरला वर्षभरात दोन कोटी लिटर पाणी दिले आणि त्यात लिटरमागे पाव ग्रॅम क्षार आहेत असे धरले, तर त्या शेतात दरवर्षी पाच टन क्षार येऊन पडतात. पीक पाणी शोषते, ऊन पाणी उडवते, पण क्षार जवळजवळ सगळे मागे राहतात. खालून निचरा असेल, तर पावसाळ्यात ते धुऊन जातात. भारी काळ्या मातीतून पाणी फार सावकाश मुरते. त्यातच वरच्या अंगाचा कालवा झिरपत असतो आणि मोकाट पाणी दिलेली शेते पाझरत असतात. भूजलाची पातळी वर्षागणिक चढत जाते. ती जमिनीखाली दीड-दोन मीटरांवर आली, की मातीच्या केसासारख्या बारीक पोकळ्यांतून पाणी पृष्ठभागाकडे ओढले जाते, वाफ होऊन उडते आणि क्षार वर ठेवून जाते. मार्च-एप्रिलमध्ये अशा शिवारात सऱ्यांच्या वरंब्यांवर पांढरी पापडी धरलेली दिसते. उसाचे फुटवे ठिकठिकाणी जळालेले असतात आणि पानांचे शेंडे करपलेले असतात. चोपण जमिनीची तऱ्हा निराळी आहे. सोडियममुळे मातीचे कण सुटे होऊन छिद्रे बुजवतात. पाऊस पडला की वर पाणी तुंबते, तरी वीतभर खाली माती कोरडीच असते. वाफसा येत नाही आणि नांगर लागला तर दगडासारखी ढेकळे निघतात.

हा धोका अचानक उद्भवलेला नाही. १८७६–७८ च्या दुष्काळानंतर अवर्षणप्रवण भागाला आधार म्हणून नीरा डावा कालवा बांधला गेला आणि १८८० च्या दशकात त्याचे पाणी वाहू लागले. दुष्काळापासून बचाव हा हेतू असला, तरी चांगल्या पावसाच्या वर्षी ज्वारी-बाजरीला कालव्याच्या पाण्याची मागणी नसे. महसूल हवा, तर बारमाही ऊस हवा, अशी गाठ पडली. पाणी कालव्याजवळच्या थोड्या जमिनीवर एकवटले आणि दोन-तीन दशकांतच बारामतीच्या परिसरात जमिनी खारावू लागल्या. १९१० मध्ये हॅरॉल्ड मान आणि ताम्हाणे या कृषी अभ्यासकांनी नीरा खोऱ्यातील अशा जमिनींवर मुंबई इलाख्याच्या कृषी खात्यासाठी अभ्यास प्रसिद्ध केला. त्याआधीच अभियंते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी ब्लॉक पद्धत सुचवली होती. तिच्यात पाणी ठरावीक गटांत वाटायचे, गटाच्या एक-तृतीयांश भागातच ऊस ठेवायचा आणि तो आळीपाळीने फिरवायचा, अशी योजना होती. म्हणजे पाणी जास्त गावांत पोहोचेल आणि कोणत्याही एका जमिनीवर त्याचा सततचा भार पडणार नाही. १९१६ मध्ये सिंचनाची पद्धत शेतीच्या गरजेशी जुळवून घेण्यासाठी एक विशेष विभाग स्थापन झाला. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राची ती सुरुवात होय. ज्ञान शंभर वर्षांपूर्वीच हाती होते. ते योजनेच्या खर्चात आणि आराखड्यात उतरले नाही.

शेतकऱ्यांनीच पाणी अति दिले, मग जबाबदारीही त्यांचीच, असा आक्षेप वारंवार घेतला जातो. त्यात तथ्य आहे. पण पाणीपट्टी पिकाच्या क्षेत्रावर आकारली जाते आणि पुढची पाळी वेळेवर येईल याची खात्री नसते. अशा वेळी मिळेल तेव्हा भरपूर पाणी घेणे हा व्यवहारी निर्णय ठरतो. कृषी खर्च व मूल्य आयोगाच्या अंदाजानुसार राज्यात ४ टक्क्यांहून कमी क्षेत्रावरचा ऊस सुमारे ७० टक्के सिंचनाचे पाणी घेतो. ही वाटणी एकेका शेतकऱ्याने ठरवलेली नाही. धरणे, कारखाने आणि दर यांच्या धोरणांतून ती घडली आहे. शिवाय सखल भागातल्या शेतकऱ्याने कितीही जपून पाणी दिले, तरी वरच्या शेतांचा पाझर त्याच्या बांधाखालून येतच राहतो. रासायनिक खतांचा अतिरेक जमिनीचे नुकसान करतो हेही खरे. पण शिवारभर भूजल चढण्याचे कारण खतात सापडत नाही.

ठिबक सिंचनाने प्रश्न सुटेल, हा दुसरा दावा. ठिबकमुळे शेतात शिरणारे पाणी घटते, म्हणून नव्या जमिनी वाचवायला ते मोलाचे आहे. परंतु आधीच साचलेले क्षार धुऊन काढायला जादा पाणी आणि त्याला वाट, दोन्ही लागतात. चोपण जमिनीत जिप्सम घालण्याचे तत्त्वही हेच सांगते. जिप्सममधले कॅल्शियम सोडियमची जागा घेते, पण सुटलेला सोडियम पाण्याबरोबर बाहेर पडला नाही, तर खर्च वाया जातो. धैंचा हे हिरवळीचे पीक गाडल्याने मातीची घडण सुधारते. निचऱ्याची जागा मात्र तो घेऊ शकत नाही.

म्हणून मीटर-सव्वा मीटर खोलीवर सच्छिद्र पाइप टाकून पाणी मुख्य नळीतून ओढ्यात सोडणे, हा खात्रीचा उपाय ठरतो. शिरोळ तालुक्यात साखर कारखान्याच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी गट करून हे काम केले आणि पडीक जमिनी पुन्हा पिकाखाली आणल्या. हे क्षार शेवटी नदीतच जातात, हा आक्षेप मात्र गंभीर आहे. खालच्या गावांचे पाणी खारट करून वरची जमीन सुधारणे न्याय्य नव्हे. याचे उत्तर निचरा टाळण्यात नाही. मुळात कमी पाणी दिले, तर निचऱ्याचे पाणीही कमी निघते. उरलेले पावसाळ्यात, नदीला भरपूर प्रवाह असताना सोडता येते. त्यासाठी पाणी मोजून द्यावे लागेल. २००५ च्या सिंचन पद्धतींचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियमाने पाणीवापर संस्थांना घनमापनाने पाणी देण्याची तरतूद केलेली आहे. नव्या सिंचन योजनेला मंजुरी देताना निचऱ्याचा आराखडा, त्याचा खर्च आणि भूजलपातळीची नियमित नोंद या तीन गोष्टी कालव्याइतक्याच अनिवार्य असायला हव्यात. योजनेने किती हेक्टर भिजले हा आकडा एकटा पुरेसा नाही. तीस वर्षांनंतर त्यातले किती हेक्टर पिकाखाली उरले, यावर तिचे यश ठरायला हवे.