सोडून दिलेली वाक्ये



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, ते धड्यातील शेवटचे वाक्य वाचून झाल्याशिवाय आम्हांला पुस्तक मिटू देत नसत. आपल्यापैकी पुष्कळजण आज ज्या संगणक-व्यवसायात आहेत, त्याचा इतिहास चाळताना मला त्यांच्या या शिस्तीची वारंवार आठवण झाली.

१९६८ साली जर्मनीतील गार्मिश येथे ‘नाटो’च्या पुढाकाराने भरलेल्या परिषदेत, मोठी सॉफ्टवेअरे ठरल्या वेळेत व ठरल्या खर्चात पुरी होत नाहीत, ही चिंता तज्ज्ञांनी उघडपणे मांडली. दोन वर्षांनी, १९७० मध्ये, विन्स्टन रॉइस यांनी एका निबंधात कामाच्या पायऱ्यांची आकृती दिली: आधी गरजा, मग आराखडा, मग लेखन, अखेरीस चाचणी. तिला पुढे ‘वॉटरफॉल’ म्हणजे धबधबा हे नाव पडले. रॉइस यांचा तो शब्द नव्हे. इतकेच नव्हे, तर अशा सरळ उतरणीने काम करणे धोक्याचे आहे, कारण मूळचा दोष शेवटच्या चाचणीत उघड होतो, असे त्यांनी त्याच निबंधात बजावले होते. काम नवे असेल तर ते आधी लहान प्रमाणावर करून पाहावे व ग्राहकाला प्रारंभापासून सहभागी करून घ्यावे, हा त्यांचा उपदेश होता. लोकांनी आकृती उचलली आणि इशारा सोडून दिला. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या १९८५ च्या मानकातही ही पायऱ्यांची शिस्तच उतरली.

याची प्रतिक्रिया उमटणे अटळ होते. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात, स्नोबर्ड येथे, सतरा जाणकार जमले व त्यांनी ‘अजाइल’ म्हणजे चपळ कार्यपद्धतीचा जाहीरनामा लिहिला. काम थोड्या थोड्या आठवड्यांच्या टप्प्यांत करावे, प्रत्येक टप्प्याचे फळ ग्राहकाला दाखवावे व त्याचे ऐकून पुढचे पाऊल टाकावे, हे या विचाराचे सार. ‘एफबीआय’ने सुमारे सतरा कोटी डॉलर खर्चून २००५ मध्ये एक प्रकरण-नोंदप्रणाली सोडून दिली होती. तिच्या जागी आलेली ‘सेंटिनेल’ही रखडली. २०१० मध्ये त्या संस्थेने काम स्वतःकडे घेऊन ही नवी पद्धत अवलंबिली, आणि २०१२ मध्ये ती प्रणाली वापरात आली.

परंतु या जाहीरनाम्यालाही शेवटचे वाक्य आहे. आराखडा, करार, कागदपत्रे यांनाही मोल आहे; आम्ही माणसे, चालते काम, ग्राहकाचे सहकार्य व बदलाची तयारी यांना अधिक मोल देतो, असा त्याचा आशय. तेही वाक्य अनेकांनी सोडून दिले. मग नोंदी ठेवू नयेत असा अर्थ निघतो. रोजची उभ्या-उभ्याची बैठक पार पडते, पण ग्राहकाचे ऐकायचे राहून जाते. धबधब्याच्या जागी नवे कर्मकांड येते, एवढेच.

पद्धती बदलत राहतील, आणि त्या बदलाव्यातही. आपण मात्र पुढची पद्धत स्वीकारताना आकृतीपाशी न थांबता मजकूर शेवटपर्यंत वाचावा, एवढीच या जुन्या विद्यार्थ्याची आपणांस विनंती आहे.