नायट्रेट-शोषणाचे जीन, तृणधान्यांतील
तृणधान्ये नायट्रोजन बव्हंशी नायट्रेटाच्या रूपात मुळांवाटे घेतात. इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेड येथे जॉन लॉझ व जोसेफ गिल्बर्ट यांनी १८४३ मध्ये गव्हावर सुरू केलेल्या प्रयोगांनी नायट्रोजनयुक्त खतांचे महत्त्व दाखविले. परंतु मुळाच्या कोशिकेत (पेशीत) नायट्रेट कसे शिरते, हे दीर्घकाळ अज्ञात होते. प्रश्न केवळ तात्त्विक नव्हता. १९९९ मधील एका अंदाजानुसार जगभर या पिकांना दिलेल्या नायट्रोजनापैकी सु. ३३ टक्केच दाण्यांत उतरतो.

उलगडा झाला तो एका तणनाशकामुळे. क्लोरेट नायट्रेटाशी इतके मिळतेजुळते असते की, मुळे ते बिनदिक्कत आत घेतात व तेथे त्याचे क्षपण होऊन विषारी क्लोराइट बनते. साहजिकच, क्लोरेटाने न मरणाऱ्या रोपात शोषणाचा वा क्षपणाचा दोष असण्याचा संभव असतो. अशी उत्परिवर्ती रोपे नेदरलँड्समध्ये १९७३ मध्ये मिळाली. पण ती ॲराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुलातील क्षुद्र वनस्पतीची. तिच्यातील सीएचएल-१ हा नायट्रेट-वाहक प्रथिनाचा जीन यी-फांग त्साय, नायजेल क्रॉफर्ड व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये अलग केला. तृणधान्यांची पाळी नंतर आली. १९९६ मध्ये सातूतील एनआरटी-२ गटाचे जीन सापडले. त्यांपैकी एकाच्या प्रथिनाला कार्यासाठी दुसऱ्या प्रथिनाची जोड लागते, हे २००५ मध्ये दिसून आले.

भाताच्या इंडिका जाती जपोनिका जातींपेक्षा क्लोरेटाला अधिक बळी पडतात, हे जुनेच निरीक्षण होते व वर्गीकरणात त्याचा उपयोगही होई. चिनी संशोधकांनी २०१५ मध्ये या भेदाचे एक प्रमुख कारण दाखविले : एनआरटी-१.१बी या जीनच्या प्रथिनातील एका ॲमिनो अम्लाचा फरक. इंडिकातील हा जीन जपोनिकात आणल्यावर शेतातील चाचण्यांत नायट्रोजनाचा वापर व उत्पादन ही दोन्ही वाढली.