वाटाड्या (सह्याद्री)

वाटाड्या : डोंगरात पुढे चालून वाट दाखवणारा स्थानिक माणूस. ‘गाईड’ हा शब्द आता रूढ असला, तरी घाटवाटांवर जुनाच शब्द चालतो. महादेव कोळी, ठाकर, कातकरी, धनगर समाजांतील शेतकरी व गुराखी शेतीच्या जोडीने हे काम करतात. मेहनताना बहुधा तोंडी ठरतो.

वाटेचे ज्ञान : नाळ (कड्यांमधील अरुंद घळ), धार (डोंगराचा अरुंद कणा), पदर (कड्याखालचा सपाट टप्पा), ढोरवाट (गुरांची वाट) हे सारे त्याला गुरांमागे फिरून कळते. कोणत्या टाक्याचे पाणी उन्हाळ्यात पिता येते, कारवीत बुजलेली वाट पुन्हा कुठे लागते, आग्या मोहोळ यंदा कोणत्या कड्याला आहे, हे त्यालाच ठाऊक असते. हे ज्ञान दर पावसाळ्यानंतर नव्याने मिळवावे लागते. घसारा वाढतो, कालची पायरी निसटते. मोबाइलवरील वाटेच्या नोंदीत हा बदल दिसत नाही. तिच्या भरवशावर हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेसारखी अवघड वाट धरणे धोक्याचे आहे. कोणी हरवले, तर शोधायला पायथ्याचे गावकरीच आधी निघतात.

गर्दी : कळसूबाई (१,६४६ मी.), हरिहर, राजमाची येथे पावसाळ्यात शनिवार-रविवारी पर्यटकांची गर्दी होते.

पाऊस व दरडी : वाटाड्याला धोका कड्यावर जितका, तितकाच घरात असतो, कारण तो स्वतः डोंगराच्या कुशीतच राहतो. माळीण (३० जुलै २०१४) व तळिये (२२ जुलै २०२१) ही गावे दरडीखाली गेली. या नोंदीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची घटना इर्शाळवाडीची (जि. रायगड). इर्शाळगडाच्या पोटातील या ठाकरवाडीत गडावर जाणारे थांबत, जेवत, वाट विचारत. १९ जुलै २०२३ च्या रात्री ती गाडली गेली. त्याआधीच्या तीन दिवसांत ४९९ मिमी पाऊस झाल्याचे शासनाने विधिमंडळात सांगितले. २७ मृतदेह मिळाले; ५७ जण बेपत्ता राहिले. दरडप्रवण गावांच्या यादीत वाडीचे नाव नव्हते. यंत्रे वर नेण्याजोगा रस्ता नसल्याने बचावपथके पायवाटेनेच चढली. त्यांत खोपोलीच्या ‘यशवंती हायकर्स’चे गिर्यारोहकही होते. मुसळधार पावसाने भिजलेला मातीचा थर कातळावरून सुटणे हे अशा दरडींचे प्रमुख कारण मानतात. वृक्षतोड व उताराच्या सपाटीकरणाचा वाटा किती, यावर मतभेद आहेत.

नियमन : महाराष्ट्र राज्याचे साहसी पर्यटन धोरण २४ ऑगस्ट २०२१ चे असून त्यात आयोजकांची नोंदणी अपेक्षित आहे.

सोलापूर जिल्हा : पठारी असल्याने येथे वाटाड्याचा व्यवसाय नाही. येथील गिर्यारोहक सह्याद्रीत व हिमालयात जातात. सोलापूरचे आनंद बनसोडे यांनी २०१२ मध्ये एव्हरेस्ट सर केले. डोंगरातील धोका स्थानिकांच्याच वाट्याला येतो, हे तेथेही दिसले : त्याच शिखराच्या वाटेवरील खुंबू हिमप्रपातात १८ एप्रिल २०१४ रोजी हिमकडा कोसळून मोहिमांसाठी राबणारे १६ जण दगावले. सर्व नेपाळी होते. बाहेरून आलेला एकही गिर्यारोहक त्यांत नव्हता.