शेतकऱ्याला ठासणीची, क्लबवाल्याला पॉइंट टू-टू

रानडुकरांनी एका रात्रीत सोयाबीन लोळवलं की औसा तालुक्यातल्या कुठल्याही पारावर एक वाक्य ऐकू येतं, "सरकारनं एखादी छोटी रायफल तरी द्यावी राव!" मागणी चुकीची नाही. पण कायद्यानं शेतकऱ्याला कुठली बंदूक दिली आणि का, हे बघितलं की नेमकं काय मागायचं ते कळतं.

सुरुवात 1878 ची. 1857 चा धसका घेतलेल्या इंग्रजांनी लॉर्ड लिटनच्या काळात शस्त्र कायदा आणला. हिंदी माणसाला परवाना सक्तीचा, गोऱ्यांना सूट. 1887 च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसनं या कायद्याविरुद्ध ठराव केला. आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता. 1948 नंतर आपण भारतात आलो आणि पुढं स्वतंत्र भारताचा 1959 चा शस्त्र कायदा आपल्यालाही लागू झाला. अंमल 1 ऑक्टोबर 1962 पासून.

त्या कायद्याचं कलम 13 वाचण्यासारखं आहे. पीक राखायला खरोखर गरज असेल तर शेतकऱ्याला ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा. तिनं भागत नाही असं अधिकाऱ्याला पटलं, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक, म्हणजे आपली बारा बोअर. आणि पॉइंट टू-टू रायफल? तिचं नाव मूळ कलमात आहे, पण रायफल क्लबच्या सदस्याला नेमबाजीच्या सरावासाठी! म्हणजे शहरातल्या क्लबवाल्याला रायफल आणि रात्रभर जागल करणाऱ्याला दारू ठासायची बंदूक.

यात नुसता अविश्वास होता असंही नाही. रायफलीच्या नळीत आटे असतात, गोळी फिरत जाते, लांब जाते. पॉइंट टू-टूची साडेपाच मिलीमीटरची गोळीसुद्धा दीड किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते. आपलं रान सपाट, त्यात वस्त्या, पाणंद, रात्री मोटार चालू करायला निघालेली माणसं. नेम चुकला तर गोळी कुणाच्या अंगणात जाईल सांगता येत नाही. छऱ्याची ताकद त्या मानानं लवकर संपते.

दुसरी बाजूही बघा. ही गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची. पूर्ण वाढलेलं डुक्कर क्विंटलभरही भरतं. ते जागेवर पडत नाही, जखमी होऊन उसात शिरतं, आणि सकाळी खुरपायला आलेल्या बाईवर धावतं. म्हणजे "छोटी रायफल" माणसाला धोक्याची आणि डुकराला अपुरी.

खरी गाठ मात्र 1972 ला पडली. वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि बंदुकीचा परवाना असला तरी जनावर मारायला वेगळी परवानगी लागू लागली. कायद्यात उभ्या पिकाच्या नुकसानीचा उल्लेख आहे, पण प्रत्येक जनावराला तो लागू नाही. काळवीट पहिल्या अनुसूचीत, ते पिकासाठी मारता येत नाही. रोही आणि रानडुकराबाबत 2015 साली राज्य सरकारनं शासन निर्णय काढला. तरी बंदुकीचा कागद जिल्हादंडाधिकाऱ्याकडं आणि जनावराचा कागद वनखात्याकडं. दोन्ही कागद जुळेपर्यंत पीक गेलेलं असतं.

मग माणूस कुंपणात करंट सोडतो. त्यात डुक्कर मरतं, कधी शेजारी मरतो, कधी घरचाच माणूस मरतो, आणि गुन्हा शेतकऱ्यावर.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. घरोघरी रायफल मागू नका. मागायचंच तर हे मागा : गावोगावी दोन-चार प्रशिक्षित, परवानाधारक बारा बोअरवाले, वनखात्याची परवानगी पेरणीआधीच तयार, आणि नुकसानीचा पंचनामा वेळेवर. कायद्यानं 1959 लाच मान्य केलंय की पीक राखणं हे बंदूक मागायचं रास्त कारण आहे. तेच कलम हातात घेऊन बोला, वजन पडेल.